पेन्सिल-सानची मरियम

पेन्सिल-सान चुकलेलं चित्र कधी फाडायचा नाही. जपानात, हिगाशी-कसाईत तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा, अरबी शिकवून पोट भरायचा आणि तिकडे पॅलेस्टाइनमधल्या एका वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रं काढायचा. नाव माझ्या लेकीनं ठेवलेलं; ‘सान’ म्हणजे जपानीतलं ‘राव’. कानावर पेन्सिल नसेल तर त्याला बरं नाही, असं ती खुशाल समजायची. आमच्याकडे येणारे सगळे मला वहिनी म्हणत, म्हणून तोही ‘वहिनी-सान’ म्हणे. बोलणं मोडक्यातोडक्या जपानीत चाले, त्यामुळे भांडायची सोय नव्हती.

तो मुसलमान, पण चित्रात मात्र येशू असायचा, क्रूस बाजूला ठेवून तपासणी नाक्यावर सैनिकापुढे परवाना शोधणारा. “तुला हे चालतं कसं रे?” मी एकदा विचारलंच.

“वहिनी-सान, तो आमच्या गावाकडचा. शेजाऱ्याचं दुखणं मांडायला धर्म बदलावा लागतो का?”

सगळ्यात जास्त काढली ती मरियम, येशूची आई. कुराणात ती खजुराचं झाड हलवते आणि खजूर पडतात. याच्या चित्रात झाड तोडलेलं होतं आणि ती नुसता बुंधा हलवत होती. तिला चेहरा दिला होता स्वतःच्या आईचा, गाझातल्या घरी भिंतीवर असलेल्या तरुणपणीच्या एकुलत्या एका फोटोवरून आठवून. छापायला देताना मात्र तो तिला पाठमोरी करी. “आईला पेपरात नको,” म्हणे.

चेहऱ्याची चित्रं मग घरात साठत. आमच्या इमारतीत कचऱ्याचे इतके प्रकार की डोकं फिरावं, पण देवाधर्माचा कागद कशात घालायचा, ते खाली लावलेल्या तक्त्यावर नव्हतं. मला हसू आलं. माझ्याही कपाटात गणपती छापलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून होता. टाकायला हात धजत नव्हता.

मग आईला गाझातून बाहेर काढायच्या खटपटीसाठी तो बहिणीकडे अम्मानला निघाला. जाताना दोरीनं बांधलेली चित्रं माझ्या हातात ठेवली. “ही कचऱ्यात जाऊ देऊ नका.”

“काळजी करू नकोस,” मी म्हणाले. मला वाटलं, मला कळलं. जानेवारीत इथल्या देवळात वर्षभराचे जुने ताईत जाळतात. तिथे माझ्या पत्रिकांबरोबर त्याची चित्रंही हात जोडून अग्नीला दिली आणि मोठं पुण्य केल्यासारखी घरी आले.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. घर पडलं होतं आणि आई त्यातच गेली होती.

“भिंतीवरचा फोटोही गेला. तिला काढायला बसलो की फोनवरची थकलेली म्हातारीच दिसते. ती चित्रं पाठवाल?”

मी काय केलं ते सांगितलं. ते सांगण्यापेक्षा जीभ झडली असती तर बरं. त्यानं एवढंच विचारलं:

“कचऱ्यात नाही ना गेली?”

“नाही रे.”

“मग ठीक आहे.” मग म्हणाला, “तुम्ही तिला इतक्यांदा पाहिलंय. डोळे कसे होते, सांगा ना.”

मी बुंधा पाहिला होता, सैनिक पाहिला होता, क्रूस पाहिला होता. तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

“तुझ्यासारखेच,” मी म्हणाले, आणि तो रडायला लागला.