तिसऱ्या ढिगाऱ्याखालचं पाणी

कोक-झारमध्ये वसंतातलं पहिलं गवत तिसऱ्या ढिगाऱ्यावर उगवायचं. आजूबाजूच्या डोंगरांवर बर्फ असायचा तेव्हा तिथं हिरवं दिसायचं, म्हणून खालच्या आळीतली माणसं बकऱ्या तिकडेच सोडायची. ढिगाऱ्याच्या पोटात काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सोव्हिएत काळात डोंगरातून युरेनियम काढलं, दळलं, कामाचं होतं ते आगगाडीनं नेलं आणि उरलेला गाळ नदीकाठी ओतून त्यावर माती ओढली. आमच्या बापांनीच ते काम केलं. तेव्हा गावाचं नाव नकाशावर नव्हतं, पण दुकानात राजधानीसारखं लोणी मिळायचं. म्हातारे अजून त्या लोण्याची आठवण काढतात. गाळाची कुणी काढत नाही.

बुरमाकान त्या खालच्या आळीतली. बस थांबते तिथं तिचा तंदूर होता. पहाटे कणीक मळायची, पहिली बस येईपर्यंत नानची चळत तयार असायची. नवरा रशियात बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला, तिकडे दुसरा संसारही थाटला. ती रडत बसली नाही, पण तेव्हापासून जीभ फार तिखट झाली. बस उशिरा आली की ड्रायव्हरला कारण विचारायची, आणि त्यानं सांगितलेलं कारण पटलं नाही तर दुसरं विचारायची. तिला सांभाळून घेणारा एकच माणूस होता, तिचा दीर मामतकेरीम. आळीतली सगळ्यात मोठी जर्दाळूची बाग त्याची. भावानं तोंड काळं केलं त्याची लाज यानं आपल्या अंगावर घेतली होती. हिवाळ्याचा कोळसा तिच्या अंगणात टाकल्याशिवाय तो स्वतःच्या घरी टाकत नसे.

एका वसंतात डोंगराची कड कोसळली आणि नदीनं कूस बदलली. पाणी थेट तिसऱ्या ढिगाऱ्याच्या पायथ्याला भिडलं आणि माती कुरतडू लागलं. आतला राखाडी गाळ उघडा पडला. बाहेरगावचे लोक यंत्रं घेऊन आले, ढिगाऱ्यावर फिरले, आमच्या प्यायच्या झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेले. नगर कार्यालयानं कळवलं की सगळं मर्यादेत आहे. बुरमाकान तिथं गेली आणि तिनं विचारलं की मर्यादा किती आणि आहे किती. तिथल्या माणसानं सांगितलं की ते आकडे वरच्या कार्यालयात असतात. वरचं म्हणजे कुठलं, हे त्यालाही सांगता येईना.

पुढच्या वर्षी परदेशी पैशातून प्रकल्प आला. ढिगारा उचलून वरच्या घळीत नेऊन पुरायचा होता. कायद्याप्रमाणे लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, म्हणून जुन्या सांस्कृतिक भवनात जनसुनावणी ठेवली. पुढच्या रांगांत शाळेतल्या बाया आणि दवाखान्यातल्या नर्सा आणून बसवल्या होत्या. प्रकल्पाचा अधिकारी सेयितबेक मंचावर उभा राहिला. माणूस बोलायला गोड. त्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि विचारलं, की हा ढिगारा इथून हलावा असं कुणाकुणाला वाटतं? सगळ्यांनी हात वर केले. बुरमाकाननंही केला. सेयितबेक म्हणाला, प्रकल्प एकमतानं मंजूर, आणि कागद गोळा करू लागला.

बाकीचे हात खाली आले, बुरमाकान उभीच राहिली.

"ढिगारा हलावा हे खरं," ती म्हणाली. "पण तो जाणार कुठल्या रस्त्यानं? आमच्या आळीतनंच ना? ट्रकांवर झाकण असणार का? आणि आम्ही पितो त्या झऱ्यात आज काय आहे, ते कोण सांगणार?"

सेयितबेक हसला. "एजे, तुम्ही नान भाजता. मी कधी विचारलंय का, पीठ कुठलं घालता म्हणून?"

सभागृह हसलं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि तो तिला मोठ्या मानानंच हसत होता.

"विचार की," बुरमाकान म्हणाली. "पीठ कुठलं, पाणी कुठलं, मीठ किती, सगळं सांगते. खाणाऱ्यानं विचारलं तर सांगावं लागतं, बाबा. आता मी विचारतेय."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी त्याला. सेयितबेक हुशार होता, चिडला नाही. आठवड्याभरात नागरिक निरीक्षकांची समिती जाहीर झाली आणि तीत इमाम आणि मुख्याध्यापकाच्या जोडीला बुरमाकानचंही नाव होतं. त्यांना पांढरी शिरस्त्राणं घालून ढिगाऱ्यावर फिरवलं, फोटो काढले. तो फोटो पुढे प्रकल्पाच्या गुळगुळीत पुस्तिकेत छापून आला. बुरमाकान त्यात मधोमध आहे, आणि शिरस्त्राण डोळ्यांवर आल्यामुळे तिला समोरचं काही दिसत नाहीय.

समितीच्या प्रत्येक बैठकीत ती पाण्याचे आकडे मागायची. ते तांत्रिक आहेत, गैरसमज होईल, घबराट पसरेल, अशी उत्तरं मिळायची. इमाम आणि मुख्याध्यापक मान डोलावून चहा प्यायचे. शेवटी मामतकेरीम तिला आपल्या गाडीतून ओश शहरात घेऊन गेला. तिथं एका वकीलबाईनं सांगितलं की ही माहिती मागायचा हक्क कायद्यानंच दिलाय, लेखी अर्ज करा. तिनं केला. उत्तर नाही. पुन्हा केला. मामतकेरीम दर वेळी गाडी काढायचा आणि गावात छाती पुढे काढून सांगायचा, "आमची जेंगे यांना सोडायची नाही." जेंगे म्हणजे वहिनी. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तो चारचौघांत अजून वहिनी म्हणायचा, याचं तिला किती मोल होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

आकडे आले ते पोस्टानं नाही. प्रकल्पातली एक तरुण इंजिनियर, चिनारा नावाची, एका सकाळी स्वतःच तंदूरपाशी आली. बुरमाकाननं तिला गरम नान आणि पियाल्यात चहा दिला. चिनारानं नानला हात लावला नाही, आधी बोलून टाकलं. वरच्या आळीचा झरा स्वच्छ होता. खालच्या आळीच्या झऱ्यात मर्यादेपेक्षा बरंच जास्त युरेनियम होतं. मोठी माणसं त्यानं लगेच आजारी पडणार नव्हती, पण लहान मुलांनी वर्षानुवर्षं ते पिऊ नये. बागांना जाणाऱ्या पाटातही थोडं होतं. फळांचे नमुने घेतले होते, त्यांचा निकाल यायचा होता.

चिनाराची विनंती एवढीच होती, की हे इतक्यात कुणाला सांगू नका. आधी दुसऱ्या पाण्याची सोय करू, मग नीट समजावून सांगू.

"सोय कधी होणार?"

"निधी आला की, एजे."

"आणि तोवर पोरांनी काय प्यायचं, निधीची वाट?"

 चिनारा वाईट मुलगी नव्हती. वरून परवानगी नसताना आली होती.

बुरमाकाननं ते दुसऱ्याच दिवशी सांगितलं. झऱ्यावर बाया कळशा भरत होत्या, तिथं उभी राहून सांगितलं. कुणी कळशी तिथंच ओतली, कुणी भरलेली तशीच घरी नेली. संध्याकाळी पुरुष मशिदीच्या अंगणात जमले. मामतकेरीमनं सगळ्यांपुढे वहिनीची बाजू घेतली. नगर कार्यालयावर जायचं ठरलं, आणि खरंच साठ-सत्तर माणसं गेली. कोक-झारमध्ये असं कधी घडलं नव्हतं. सेयितबेक बाहेर आला, त्यानं लोकांपुढे कबूल केलं की आकडे खरे आहेत, आणि यापुढे दर महिन्याला चौकात फलकावर लावले जातील असं लिहूनही दिलं. त्या दिवशी बुरमाकानच्या तंदूरपाशी माणसांची रीघ लागली होती. इतकं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

तिला वाटलं होतं, एकदा खरं बाहेर आलं की ते दुरुस्त करावंच लागेल. तसं झालं नाही. खरं बाहेर आलं आणि राजधानीतल्या, बिशकेकच्या, एका वर्तमानपत्रात गेलं. तिथं मथळा होता: कोक-झारची विषारी जर्दाळू. बातमीत झऱ्याबद्दल दोन ओळी होत्या, बाकी सगळं जर्दाळूंबद्दल. त्या उन्हाळ्यात व्यापारी आलेच नाहीत. आमची माणसं माल घेऊन ओशच्या बाजारात गेली, तर लोक चव घ्यायला उचललेलं फळ, कुठलं ते विचारून परत ठेवायचे. काहींनी दुसऱ्या गावाचं नाव सांगून विकलं. मामतकेरीमला ते जमलं नाही. त्याची बाग झाडाखालीच सडली, वास पार बस थांब्यापर्यंत यायचा.

शरदात फळांचा निकाल आला. जर्दाळूंत काही नव्हतं. फळ सुरक्षित होतं. चिनारानं तो कागद वर्तमानपत्राला पाठवला, तो छापून आला नाही. त्यानंतर तिची बदली झाली.

तोवर मामतकेरीमच्या मुलीचं, आयसुलूचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांनी तिच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की केली होती. त्यांनी भांडण केलं नाही, डूलही परत मागितले नाहीत, फक्त येणं बंद केलं. मग तिऱ्हाइताकडून कळलं, की खालच्या आळीच्या मुलीला धड मूल होईल का अशी त्यांना शंका आहे.

मामतकेरीम तंदूरपाशी आला तेव्हा मी नान घ्यायला उभा होतो. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जेंगे, पाणी तेच होतं," तो म्हणाला. "माझा बाप तेच प्यायला, मी तेच प्यायलो. काल गोड होतं. तू तोंड उघडलंस आणि कडू झालं."

"मी नाही केलं, मामतकेरीम. मी फक्त सांगितलं."

"तेच तर. ज्यांनी केलं त्यांचं काय बिघडलं? त्यांनी फलक लावला, फोटो काढले, मोकळे झाले. घर कुणाचं बसलं? माझं."

ती म्हणाली की त्या मुलाकडच्यांकडे मी स्वतः जाते, समजावते. तो म्हणाला, "तू आता कुठंच जाऊ नकोस." त्यानंतर त्यानं तिला जेंगे म्हणणं सोडलं. हिवाळ्यात कोळसा आला नाही. तिनं पोतं डोक्यावर घेऊन स्वतः आणला.

दीर फिरला म्हटल्यावर आळी फिरली. खालच्या आळीतलं कुणी तिच्याकडून नान घेईना. तंदूर चालला तो बसच्या परक्या लोकांवर. बाया तिच्यासमोर बोलणं थांबवायच्या. कुणाच्या घरी बारसं असलं, मयताच्या चाळिसाव्याचं जेवण असलं, तर तिला निरोप यायचा नाही. आणि आमच्याकडे मयताच्या घरी न बोलावणं ही शिवीपेक्षा मोठी गोष्ट.

सरकारनं मात्र सगळं नियमाप्रमाणे केलं. झऱ्याच्या नळावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून बसवलं आणि पाण्याचा टँकर सुरू केला. टँकर एक उन्हाळा आला. मग त्याचा कंत्राटदार बदलला, मग डिझेल नव्हतं, मग तो यायचाच बंद झाला. एका सकाळी झाकण तोडलेलं होतं आणि बाया पुन्हा रांगेत होत्या. ढिगारा अर्धा हलला. झाकलेले ट्रक परदेशी पाहुणे यायचे त्या दिवशी दिसायचे. एकदा उघड्या ट्रकपुढे बुरमाकान रस्त्यात उभी राहिली. आत आळीतलाच साबिर होता, लेकुरवाळा, कित्येक वर्षांनी हाताला काम मिळालेला. त्यानं काच खाली करून हात जोडले. "एजे, बाजूला हो. तू मला थांबवलंस तर उद्या दुसरा कुणी चालवेल, आणि माझं घर उपाशी राहील." ती बाजूला झाली. मग तिनं समितीत तक्रार केली. समितीनं तक्रारीची नोंद घेतली.

फलक मात्र खरोखर लागत राहिला. दर महिन्याला नवा कागद यायचा, झऱ्याचा आकडा आणि शेजारी मर्यादा. आणि जर्दाळू पिकायच्या सुमारास व्यापाऱ्यांच्या गाड्या यायच्या आत आमचेच लोक तो फाडून टाकायचे. पहिल्यांदा मामतकेरीमनं फाडला, भर दुपारी, चौकात, सगळ्यांदेखत. बुरमाकान कार्यालयात नवी प्रत मागायला गेली तेव्हा तिला सांगितलं, की आमचं काम लावण्याचं, राखण्याचं नाही, आणि फाडणारे नागरिकच आहेत, आम्ही नागरिकांवर जबरदस्ती कशी करणार. तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. एवढंच म्हणाली, "सेयितबेकनं लपवलं तेव्हा मला कुणाशी भांडायचं ते कळत होतं."

पुढे तिनं एक वेगळंच सुरू केलं. आकडा ती डोक्यात घेऊन जायची. पुरुष बागांत किंवा कामावर गेले की ज्या घरात नवं मूल झालंय त्या घराच्या फाटकाशी उभी राहायची आणि सुनेला हलक्या आवाजात सांगायची, की मोठ्यांचं तुम्ही बघा, पण बाळाला पाणी वरच्या झऱ्याचं पाजा. काही सुना फाटक लावून घ्यायच्या. एकीच्या सासूनं तिच्या अंगावर राख टाकली. ती घरी गेली, रुमाल झटकला आणि दुसऱ्या आठवड्यात पुढच्या घरी गेली.

आयसुलूचं लग्न पुढे वरच्या आळीत झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. त्या दिवसांत मी मामतकेरीमच्या बायकोला हातगाडीवर पाण्याचे मोठे कॅन बांधून वरच्या झऱ्याकडून येताना पाहायचो. चढ-उताराची वाट, बाई साठीची. बुरमाकानच्या दारावरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. सलाम नाही, शब्द नाही. बुरमाकान तंदूरपाशी उभी राहून ते कॅन भरलेले आहेत ना एवढं बघायची, आणि पुन्हा कणकेत हात घालायची.