जुन्या टाक्यांत

परवा मुलीला इंजेक्शन द्यायला नेलं, तेव्हा स्पिरिटचा वास आला आणि मला ती दुपार आठवली. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सौसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भ पहिल्या सिझेरियनच्या जुन्या टाक्यांत रुजला होता. तो वाचणार नव्हताच, पण तिथे गर्भपिशवी कधीही फाटू शकते, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या, असं त्यांनी सांगितलं. गाडीत नवरा पुढे बसला, सासूबाई माझ्याजवळ. बोरगाव मागे पडलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला; खड्डा आला की तो हात जड व्हायचा. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पोट न उघडता खालूनच दुर्बीण घालून गर्भ काढू, पण रक्त थांबलं नाही तर पिशवी काढावी लागेल. "आताच काढून टाका, मले ही पाह्यजे," नवरा म्हणाला. सासूबाईंनी त्याला अडवलं. "तू काऊन ठरवून राहिला? तिले विचार." सगळे माझ्याकडे पाहू लागले. "वाचवता आली तर वाचवा," मी म्हणाले. शुद्धीवर आले तेव्हा विचारायचा धीर होईना. सासूबाईच कानाशी वाकल्या. "पिशवी हाय. झोप आता." पुढे दुसरं मूल आम्हीच होऊ दिलं नाही. एकाच मुलीवर का थांबलात, असं लोक अजून विचारतात. सासूबाईंनी मात्र कधी विचारलं नाही.