कोरफडीचं ऊन

स्वातंत्र्य नवं होतं, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या चाळीत समोर एक पेन्शनर राहायचे. रोज सकाळी कोरफडीची कुंडी उराशी धरून ते गॅलरीत यायचे. दोन तास कोवळं ऊन, मग सावली. सूर्याला जणू त्यांनीच नोकरीला ठेवलं होतं. मधे कुणी आलं की खेकसायचे, "बाजूला व्हा, ऊन अडतंय!"

एकदा चष्मा कपाळावर चढवून मला सांगू लागले, "फार उन्हात पात लाल पडते, अंधारात लुळी होते."

आतून त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या बायकोचा आवाज आला, "अहो, मलाही ठेवा की जरा उन्हात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला उचलून बाहेर आणलं. वर्षभर समोर राहूनही त्या बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.