ठिणगीने केलेलं फाटक

यादवी बंदुकीपासून सुरू होते, असं तुम्हाला कोणी सांगितलं? या शहरात ती वेल्डिंगच्या दुकानातून बाहेर पडली.

दुकान ठिणगीचं. अंगातल्या शर्टाला कायम जळल्याची भोकं, म्हणून हे नाव. खरं नाव बायकोही विसरली होती. खिडक्यांच्या जाळ्या करायचा, हातगाड्यांचे तुटलेले दांडे जोडायचा, पोट भरायचा. मग सरकारने चौकीतले शिपाई उचलून मंत्र्यांच्या बंगल्यांवर नेले. चौकीत कुत्री व्याली. चोर दिवसाढवळ्या घरात शिरून कानातलं पाळीसकट ओरबाडून न्यायला लागले. लोक कचेरीत गेले, तर साहेब म्हणाला, "आपापलं बघा." लोकांनी बघितलं. गल्लीगल्लीच्या तोंडाला लोखंडी फाटक लावलं आणि फाटकावर बंदूकवाले पोसले.

ठिणगीची चांदी झाली. त्याची थोरली बहीण मागच्या गल्लीत राहायची. तिच्या गल्लीचं फाटक त्याने जीव ओतून केलं. एरवी फाटक वर उचललं की बिजागरीतून निघतं, दुरुस्तीला सोयीचं. पण चोरालाही सोयीचंच की! म्हणून त्याने बिजागरीच्या डोक्यावर लोखंडाची टोपी ठेवून ती कायमची जोडून टाकली.

"आता हत्ती आला तरी निघायचं नाही, ताई."

"हत्तीचं सोड मेल्या, दूधवाला आत कसा येणार ते सांग!"

पोसलेले बंदूकवाले बघता बघता मालक झाले, गल्लीगल्लीची टोळी झाली. येणाऱ्याला आडनाव विचारायचे, आवडलं नाही तर दात पाडायचे. वर सरकार पगार देईना, तेव्हा फौजही फुटली. अर्धी या टोळ्यांना मिळाली, अर्धी त्या टोळ्यांना.

एका दुपारी शेजारची टोळी मागच्या बाजूने ताईच्या गल्लीत घुसली. घरं पेटवत, दिसेल त्याला कापत पुढे सरकली. राखणदार किल्ल्यांसकट आधीच पळाले होते. अख्खी गल्ली फाटकावर येऊन आदळली.

ठिणगी धावत आला. वीज नव्हती, म्हणजे कापायचं यंत्र नुसतं मढं. कुलूप आतल्या अंगाला, माणसांच्या रेट्यात गाडलेलं. बाहेरून हाताला लागत होती ती फक्त बिजागरी. तो करवत घेऊन टोपीला भिडला. गजांच्या पलीकडे ताईच होती, गाल लोखंडावर चेपलेला.

"घाई कर रे."

"करतोय ना!"

"कसलं मेलं मजबूत केलंस..." ती हसली की कण्हली, त्याला कळलं नाही.

मागून गोळ्या सुटल्या. रेटा वाढला. करवतीच्या खरखरीतही त्याला तिच्या बरगड्या मोडताना ऐकू आल्या. तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या मनगटावर सांडलं, मूठ निसटायला लागली. शिव्या देत, रडत तो कापत राहिला. टोपी तुटली तेव्हा ताई उभीच होती. पडायला जागा नव्हती म्हणून.

रेट्याने फाटक बिजागरीतून उचकटून त्याच्या अंगावर कोसळलं आणि त्यावरून उरलीसुरली गल्ली पळाली. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली चिरडले. वर गजांना बिलगून बहीण पडली होती.

आता तो दुकानाच्या पायरीवर बसून असतो. कोणी हळहळलं की खवळतो. "मला कसली दया दाखवता? चौकी बंद झाली तेव्हा कुठे होतात? आणि मी तरी कुठे होतो? फाटकाचं माप घेत होतो!"

तेव्हा तुमच्या दारात कोणी फाटकाची वर्गणी मागायला आलं, तर देऊ नका. त्याचा दंड धरा, शेजाऱ्यांना हाका मारा आणि सगळे मिळून चौकीवर जा. शिपाई परत मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.