दोनदा खाकरणं

बेलापूरजवळच्या एका वाडीत मी सून म्हणून आले, ते लढाईचे दिवस होते. सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, एक रीत होती. घरात शिरण्याआधी ते उंबऱ्याबाहेर दोनदा खाकरायचे. सुनेनं पदर सावरावा, बाजूला व्हावं, एवढाच त्याचा अर्थ. पण माझे वडीलही दोनदाच खाकरायचे, आणि त्यानंतर हाताला येईल त्यानं मार असायचा. त्यामुळे मामंजी खाकरले की डोक्यानं काही विचार करायच्या आत पाय मला कणगीमागं घेऊन जायचे.

धान्याच्या त्या उंच कणगीमागंच नेमकी गुळाची ढेप होती. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, संशय यायला आणखी काय हवं?

"आमच्या गुळाला मुंग्या न्हाई लागत, सूनच लागती," असं त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या.

मला भयंकर राग यायचा. पण खरं सांगावं तर माहेरची अब्रू जाणार. मग मीही त्यांच्यावर पाळत ठेवू लागले. त्यांनी कधी गोड हाक मारली, तरी वाटायचं, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे.

शेवटी त्यांनी मला घेऊन जायला वडलांना निरोप धाडला. त्या घरी मला परत जायचं नव्हतं. दुसरं काहीही सोसलं असतं. वडील आले ते भर दुपारी. मी भाकरी थापत होते. दाराबाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं. आवाज मी ओळखला. भाकरी परातीतच राहिली.

चोर मुद्देमालासकट धरायला आत्याबाई मागोमाग आल्या. मी पिठाचे दोन्ही हात डोक्यावर धरून बसले होते. त्यांनी ढेपेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं. बाहेर जाऊन म्हणाल्या, "पाव्हनं, च्या घ्या आन् निघा. पोर न्हाई येत. सुगी हाय, कामं लई हायेत."

सुगीला अजून दोन महिने होते.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींचं खाकरणं बंद झालं. दाराशी आले की ते बैलाशी मोठ्यानं बोलायचे, "चल रं, दमलास व्हय?" आणि मग सावकाश आत यायचे. मी मेली संशयी ती संशयीच. ह्यात काय डाव आहे, म्हणून एकदा खिडकीच्या फटीतून पाहिलं. बैल केव्हाच गोठ्यात बांधलेले होते. मामंजी रिकाम्या अंगणाशी बोलत होते.