भानुदासच्या पेटीतलं पाणी

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या घरी दाढी करत होतो. फोन त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनीच केला होता. "साहेब, हे गेले सकाळी..." एवढंच त्या बोलल्या. मी आरशातल्या अर्ध्या फेसाच्या तोंडाकडं बघत राहिलो. वाईट वाटलंच. पण खोटं कशाला लिहू, त्या वाईट वाटण्यात जुनी जळजळही होती. या माणसाला मागं टाकायचं राहूनच गेलं, असं काहीतरी वाटून गेलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी परंड्याला दूध संघाचं शीतकरण केंद्र सुरू झालं, तिथं आम्ही दोघं नोकरीला होतो. मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी., प्रयोगशाळेचा प्रमुख. भानुदास मॅट्रिक नापास, माझ्या हाताखाली. फाटकापाशी उभं राहायचं, कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि दूध आत घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं, हे त्याचं काम. काचेच्या नळ्यांशी अर्धा तास झटून मी जे सांगायचो, ते त्याचं नाक आधीच सांगून मोकळं झालेलं असायचं. एकदाही चुकलं नाही. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथंच.

मग चेअरमनसाहेबांनी पुण्याहून काचेची मोठी पेटी आणली. आत मासे आणि पाणवनस्पती, बरोबर हवेचा पंप आणि कापूस-वाळू भरलेली गाळणीची डबी. "शास्त्रवाल्याकडं द्या," म्हणाले. मी पंप पूर्ण सोडला. बुडबुड्यांचा नुसता धबधबा! बघणारे खूश, मीही खूश. आठवड्यात झाडं मुळासकट उखडून वर तरंगायला लागली, उरलेल्या पानांवर बोअरच्या जड पाण्यानं पांढरी पुटं चढली. मासेही मेले आणि महिन्याभरात पेटी अडगळीत गेली. भानुदास म्हणाला, "साहेब, मी बघू का जरा?" मी मोठ्या मनानं हो म्हटलं. आयुष्यातली घोडचूक.

नळदुर्गला त्याची बहीण दिली होती. तिथल्या बोरी नदीतून त्यानं ओल्या पोत्यात गुंडाळून झाडं आणली आणि झाडं मूळ धरेपर्यंत नवे मासे सोडलेच नाहीत. पंपाच्या रबरी नळीला दोरा बांधून त्यानं हवा कमी केली. किती कमी, तर पाण्यावर ज्वारीच्या कोंड्याची चिमूट टाकायची आणि चहा प्यायला बसायचं. "कप रिकामा व्हईस्तवर कोंडा ह्या कडंचा त्या कडंला गेला पायजे," तो सांगायचा. "आधी गेला तर मूळ सुटतं, न्हायच गेला तर पाणी सडतं." आणि पाणी? त्या वर्षी पावसानं पुन्हा दगा दिला होता, गाव टँकरवर होतं. माणसांना पाणी नाही आणि तू मासे पाळतोस, असं मीच एकदा चारचौघांत त्याला टोचलं. तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. दूध गार करणाऱ्या नळ्यांना बाहेरून घाम सुटायचा, त्याखाली त्यानं घागर ठेवली होती. "पिण्याचा थेंब घेत न्हाय बघा, साहेब. निम्मं हे, निम्मं बोअरचं. नुसत्या मऊ पाण्यावर झाड जोर धरत न्हाय." वर्षभर माझ्या नाकासमोर ठिबकणारं ते पाणी मला दिसलं नव्हतं. बी.एस्सी. मी होतो!

पेटी हिरवीगार झाली. दूध घालायला येणारी माणसं रिकामे कॅन घेऊन तिच्यासमोर उभी राहायची. सोनारीची एक म्हातारी रोज यायची. म्हणायची, "रानात कुठं हिरवं राह्यलंय बाबा, इथं डोळ्याला लई गार वाटतं." चेअरमन पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझी प्रयोगशाळा ओलांडून थेट 'भानुदासची पेटी' दाखवायचे. मी दारात उभा राहून हसायचो. आतून जळून खाक व्हायचो.

एकदा तो दोन दिवस नळदुर्गला गेला. एस.टी.च्या गडबडीत जातानाही पेटी भरून गेला. तो गेल्यावर तासाभरात मी पेटीतलं घागरभर पाणी काढलं आणि तेवढंच टँकरचं ओतलं. नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेलं. चुकून नाही. त्या पावडरीनं काय होतं हे त्या केंद्रात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो परत आला तोवर मासे मेले होते, पानं विरघळायला लागली होती. त्यानं वाकून वास घेतला. "टँकरचं पाणी हाय हे..." आणि माझ्याकडं बघितलं. मी काचेच्या नळ्या धुवायला वळलो. पण चेअरमन आल्यावर तो म्हणाला, "माझ्याच हातनं झालं, साहेब." सगळ्यांसमोर त्यानं बोलणी खाल्ली. मी समजलो, याला सगळं कळलंय आणि यानं मला झाकलंय. पुढची सगळी वर्षं मी त्यावरच जळलो. माफ करण्यातही हा माझ्या वरचढ! त्यानं पेटी पुन्हा उभी केली. केंद्र बंद पडल्यावर ती घरी नेली. मी त्याच्याकडं गेलो की घागर ओतायच्या आधी तो दोनदा वास घ्यायचा. मला वाटायचं, मुद्दाम मला टोचतोय.

तेराव्यानंतर परंड्याला गेलो. पेटी पलंगाशेजारी तशीच, हिरवी. वहिनींनी घागर उचलली आणि दोनदा हुंगली.

"तुम्हीही?" मी विचारलं.

"ह्यांनीच लावलेली सवय. एकदा नळदुर्गला जायच्या गडबडीत ह्यांनी पिण्याची, टँकरची घागर पेटीत ओतली म्हणं, मासे मेले. तवापासनं स्वतःच्या नाकाचा भरवसाच उडला ह्यांचा. फाटकावर कॅनबी दोनदा हुंगायचे. मरेस्तवर हळहळत व्हते बघा."

म्हणजे त्याला काहीच कळलं नव्हतं. त्यानं मला झाकलं नव्हतं, माफही केलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलं ते साहेब काहीतरी सांगतील म्हणून. आणि ज्या नाकावर मी जळायचो, त्याचा भरवसा मीच काढून घेतला होता.

"ओता की, साहेब," म्हणत वहिनींनी घागर माझ्या हातात दिली आणि त्या चहा आणायला आत गेल्या. मी वास घेतला. पुन्हा घेतला. मग हळू ओतलं आणि चहा आल्यावर कोंड्याची चिमूट टाकली. कोंडा त्या कडंला पोचला तरी माझा कप भरलेलाच होता. सांगायचं ओठांवर आलं होतं, पण वहिनी समोर बसल्या होत्या आणि मी नुसताच निरोप घेऊन निघालो.

पेपरची ही पुरवणी त्यांच्या घरी येते, म्हणून इथं लिहितो. वहिनी, ते पाणी मी ओतलं होतं. भानुदासचं नाक कधीच चुकलं नव्हतं.