नानांची सात मिनिटं

“थांबा! उचलू नका! पंचक लागलंय, पंचक!”

दामूअण्णा दारात उभे राहून ओरडत होते. दामूअण्णा म्हणजे नानांचे चुलतभाऊ, पेणहून मिळेल त्या गाडीने आलेले. आवाज असा, की आमच्या पनवेलच्या तळ्यातली बदकं त्या सकाळी उठली ती थेट कर्नाळ्याच्या अभयारण्यात जाऊन बसली. अजून परतलेली नाहीत. चंद्र कुंभ राशीत शिरला की पंचक लागतं, आणि त्या काळात गेलेला माणूस घरातली आणखी पाच माणसं मागे ओढतो, अशी आमच्याकडची जुनी समजूत. म्हणून त्याच्याबरोबर दर्भाचे पाच पुतळे जाळायचे. दामूअण्णांच्या हातात पंचांग, चष्मा कपाळावर. “सहा बेचाळीसला लागलंय! गेले किती वाजता ते सांगा. आधी की नंतर?” आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अंगणातल्या झाडून सगळ्यांनी, तिरडी बांधणाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, मीसुद्धा, सवयीने मान वळवून नानांकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या आळीत असल्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच यायचं. नाना चटईवर होते. नाकात कापूस होता.

कुसुमवहिनी, नानांच्या पत्नी, आत भिंतीला टेकून बसलेल्या, त्यांना विचारायची कुणाची छाती होईना. तेव्हा मी म्हणालो, “सहा पस्तीस. मी होतो ना इथे.” दामूअण्णांनी बोटांवर हिशेब केला. “सात मिनिटं आधी. मग नकोत पुतळे. उचला.” आणि नानांना उचललं... सहा पस्तीसला मी इथे नव्हतो. कळंबोलीला माझ्या घरात चहाची वाट बघत बसलो होतो. फोन आला तोच सात वाजून गेल्यावर. आयुष्यभर थापा मारत आलेला माणूस मी, जीभ आपली आपण चालते. पण ती सातावरच का थांबली, ते सांगण्यासाठी हा लेख.

नाना पनवेलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते खिडकीतून भोंग्यावर सांगायचे आणि मधल्या वेळात लोकांच्या पत्रिका बघायचे. पैसे घेत नसत. एकच गोष्ट मागत. “मिनिट आणा,” म्हणत. “सकाळी दूध आलं तेव्हा, गुरं सुटली तेव्हा, हे चालणार नाही. मिनिट आणा, आणि घड्याळ कुणाचं होतं ते सांगा.” त्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ ते रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याला लावत. मी तर लोकांना सांगायचो, दिल्लीचा रेडिओवाला फोन करून विचारतो, नाना, लावू का आता ठोका?

ग्रह त्यांनी मला शिकवले ते स्टँडवरच्या बाकड्यावर, शेंगदाणे खात. “बबन, घाबरू नकोस, हे आपलं आगारच आहे. सूर्य म्हणजे आगार व्यवस्थापक. तापट, पण त्याच्यावाचून काही हलत नाही. बुध त्याचा शिपाई, साहेबांच्या आगेमागेच असणार, लांब जायची परवानगी नाही, पण बोलायला चटपटीत. चंद्र म्हणजे पनवेल-उरण. सारख्या फेऱ्या, सव्वादोन दिवसांत दुसऱ्या राशीत. म्हणून मन एका जागी राहत नाही. गुरू जुना कंडक्टर, सुट्टे नसले तरी बसू देतो. शुक्र ही नवीन गाडी, जो तो तिच्यातच चढायला बघतो.” आणि शनी? मी दरदरून घाम फुटल्याचा आव आणून विचारायचो, कारण माझी साडेसाती चालू होती. “शनी आपला लाल डबा रे. उशिरा येतो, हाडं खिळखिळी करतो, प्रत्येक थांब्यावर थांबतो. पण म्हातारीलाही हात केल्यावर घेतो. रस्त्यात सोडून जात नाही.” राहू आणि केतूंना ते एका वाक्यात निकालात काढत. “राहू म्हणजे नुसती पाटी, गाडी नाही. केतू म्हणजे गाडी, पण पाटी नाही. आणि दोघे कायम रिव्हर्समध्ये.” मी पोथ्या वाचलेल्या नाहीत, पण राहू ज्याच्या मागे लागलाय त्याची धावपळ मी आजही त्या वाक्यावरून ओळखतो... पाटी बघून पळत सुटलेला माणूस.

आता माझ्या मुलीची गोष्ट. एक्सप्रेसवे नवा नवा सुरू झाला होता, तेव्हाची. मृणालच्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात, म्हणजे ऐन विवाहस्थानात. मी सांगतो, ऐंशी स्थळं आली आणि गेली. बरं, ऐंशी नसतील, अकरा असतील. पण बापाला अकराही ऐंशीच वाटतात. चहा पिऊन माणसं जात आणि दुसऱ्या दिवशी निरोप, मुलगी छान आहे हो, पण मंगळ... मृणालने शेवटी साडी नेसायचंच सोडलं. पाहुणे आले की कामाच्या कपड्यांत येऊन ट्रे ठेवायची आणि म्हणायची, “मंगळ कडक आहे, चहा साधा आहे. घ्या.” मी हसायचो. तिची आई आत जाऊन रडायची. मग रोडपालीचं एक स्थळ आलं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, आणि मुलाची आई म्हणाली, “आमचं दुसरं काही नाही. एसटीतले नाना पत्रिका जुळली म्हणाले की नारळ फोडा.” नानांच्या शब्दाला त्या काळी असं वजन होतं. मला वाटलं, झालं काम. आपलाच माणूस.

आपला माणूस माझ्यावर असा गरजला की स्टँडवरच्या निम्म्या गाड्या वेळेआधी सुटल्या. मी एवढंच म्हटलं होतं, “नाना, लग्नरास बदलायच्या अगदी उंबरठ्यावर जन्म आहे पोरीचा, तुम्हीच म्हणता. सात मिनिटं पुढे धरली की मंगळ सातव्यातून सहाव्यात जातो, दोषच उरत नाही. सात मिनिटं! एवढ्यात तर तंबाखूही मळून होत नाही.” नाना उठून उभे राहिले. “आमदाराचा मेहुणा पिशवी हलवत धावत येत होता, तेव्हा मी गाडी सोडली. एसटीची वेळ मी पुढेमागे केली नाही, पोरीची करू? मंगळ म्हणजे घाटातला ड्रायव्हर, बबन्या. सपाट रस्ता दिलास तर झोपेल आणि गाडी पालथी घालेल. घाट दे, सोनं करेल. मुलगी वाईट नाही, तिला घाट लागतो. हे त्यांना मी स्वतः जाऊन सांगतो. पण मिनिट बदलणार नाही.” ते सांगायला जाणार म्हणजे बारावं स्थळ गेलं, हे मला दिसत होतं. चार दिवस मी जेवलो नाही. हे मात्र खरं आहे.

पाचव्या दिवशी मी थाप घेऊन गेलो. माझ्या आयुष्यातली सर्वांत बारीक नक्षीची थाप. मृणाल जन्मली ते तळ्यासमोरचं सूतिकागृह तेव्हाच बंद पडलेलं. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मी नानांना सांगितलं की तिथली जुनी आया, द्रौपदी, मला बाजारात भेटली. ती म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीतलं घड्याळ कायम सात मिनिटं मागे असायचं. त्यात पालीने अंडी घातली होती आणि डॉक्टरीणबाईंना जीव मारवेना, म्हणून ते कुणी उघडलंच नाही. पाल मी आयत्या वेळी घातली, थापेला जिवंतपणा यावा म्हणून. नाना पुढे सरकून बसले. “सात? सहा नाही?” “सातच.” “कधीपासून मागे?” “म्हणे सुरुवातीपासून.” नानांनी पत्रिका पुढे ओढली, जुनी वेळ एका रेघेने खोडली, नवी लिहिली. मंगळ सहाव्यात, कष्टांच्या घरात गेला. “घाटात गेला ड्रायव्हर,” ते म्हणाले, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. लग्न झालं. दोन नातू आहेत. विहीणबाई हा लेख वाचतील. वाचू देत. मंगळ पहिल्यापासून आहे तिथेच आहे, आणि संसार चाललाय.

माझ्या लेखी गोष्ट संपली होती. पण थाप मारणाऱ्याला एक कळत नाही... समोरचा तिच्यावर खरोखर विश्वास ठेवणारा असला, तर ती त्याच्या घरात राहायला जाते. त्या सूतिकागृहात पनवेलची अर्धी पोरं जन्मलेली, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या पत्रिका नानांनी मांडलेल्या. घड्याळ मागे होतं म्हणजे त्या सगळ्या चुकल्या! तोवर निवृत्त झालेला माणूस, गुडघे गेलेले, पण कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसला. प्रत्येक पानावर लाल शाईत ‘अधिक सात मिनिटं’. पुन्हा गणित. आणि मग छत्री घेऊन घरोघरी. भर उन्हात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर मी त्यांना पाहिलं. तो बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. “नाना, तुमी ऊन उतरल्यावर यायचा होता. सात मिन्टांनी काय फरक परतंय? आमचा पोऱ्या तर दोन पोरांचा बाप हाय.” नाना म्हणाले, “फरक पडो न पडो, चूक माझ्या अक्षरात आहे.” मी रस्ता बदलला.

लोक आधी हसले, मग कुजबुजले. ज्याची पत्रिका चुकली त्याचं लग्नही चुकलं का, नोकरीही चुकली का? एका बाईने तर जुनी पत्रिका त्यांच्या पायांशी टाकली. पुढे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत पत्रिका निघायला लागली, त्यात लाल शाई नव्हती. नानांकडे कुणी येईनासं झालं. शेजारीपाजारी तिथी, मुहूर्त विचारून जात, तेवढंच. कितीदा सांगायला गेलो मी! दारापर्यंत शब्द तोंडात असत. मग नाना म्हणत, “ये बबन, काय नवीन?” आणि मी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर सोळा चाकांचा ट्रक एका माणसाने खांद्यावर उचलल्याची बातमी सांगत बसे. ते हसत. त्यांना हसवलं की मला वाटे, थोडंसं फिटलं.

शेवटची भेट ते जायच्या आठ दिवस आधीची. खाटेवर पडून होते, हातपाय सुजलेले, बोलताना दम लागत होता. समोरच्या भिंतीवर ते घड्याळ, आणि खाटेशेजारी वहिनींची खुर्ची, नानांकडे तोंड केलेली. रेडिओचा ठोका लावायचं काम आता वहिनींकडे होतं. नानांनी उशीखालून एक चिठ्ठी काढली. “सगळे झाले रे. हे एकच घर राहिलंय. पनवेल सोडून उरणला गेलेत. मला आता जमत नाही. तू जाऊन सांगशील? सात मिनिटं म्हणावं. माफी मागितलीय म्हणावं.” त्यांच्या आवाजात संशय असता तर मी सुटलो असतो. संशय नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, “उद्याच जातो.” चिठ्ठी खिशात ठेवली. ती अजून तिथेच आहे. आणि आठ दिवसांनी त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच मृत्यूची वेळ मी खुशाल पंचकाच्या सात मिनिटं आधी नेऊन ठेवली. ज्या माणसाने दुसऱ्याचं मिनिट कधी हलवलं नाही, त्याला मी न पाहिलेल्या मिनिटावर रवाना केलं.

तेरावा झाल्यावर गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. खाट तशीच होती, गादी गुंडाळलेली. वहिनी खाटेशेजारच्या त्याच खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. द्रौपदी नावाची आया कधी नव्हतीच, पाल नव्हती, घड्याळ मागे नव्हतं. तुमचा नवरा माझ्या थापेपायी उन्हातान्हात गावभर माफी मागत फिरला. पहिल्यांदाच आयुष्यात मी एक गोष्ट मीठमसाला न लावता सांगितली, आणि ती सांगताना लक्षात आलं की तिला लावायला काही उरलंच नव्हतं. वहिनी खडे वेचत राहिल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. सूप एकदा झटकलं, एवढंच.

“आणि वहिनी, त्या सकाळची वेळ,” मी म्हणालो. “दामूअण्णांना मी खोटीच सांगितली. मी नव्हतो, तुम्ही होतात. पंचक लागलं असेल तर पुतळ्यांचं नंतरही काहीतरी करता येतं म्हणतात, मी स्वतः करतो. निदान नानांचं तरी मिनिट बरोबर असू दे. किती वाजले होते हो?”

वहिनींनी मान वर केली. खाटेकडे बघितलं, मग मागे वळून भिंतीकडे.

“घड्याळाकडे माझी पाठ होती,” त्या म्हणाल्या.